झेडओ-१ आणि सिलिया एकाच पडद्यावर कसे रंगवायचे? मदत हवी आहे

नमस्कार. श्वासनलिकेच्या अस्तरपेशी ट्रान्सवेलवर (तळाशी सच्छिद्र पडदा असलेल्या छोट्या कपात) वाढवतेय. वरचं माध्यम काढून पेशी हवेला उघड्या केल्या, त्याला आज २८ दिवस झाले. सिलिया (पेशींवरचे केसांसारखे बारीक तंतू) छान हलतायत. ती लाट पहिल्यांदा दिसली तेव्हा मी कितीतरी वेळ सूक्ष्मदर्शकापासून उठलेच नाही.

अडचण रंगवताना येते. पेशींना कडेकडेने घट्ट सांधणाऱ्या जोडातलं झेडओ-१ आणि सिलियातलं अ‍ॅसिटिलेटेड ट्यूब्युलिन, ही दोन्ही प्रथिनं मला एकत्र हवी आहेत. रंगवण्याआधी पेशी गार मिथेनॉलने स्थिर केल्या की झेडओ-१ची जाळी मधाच्या पोळ्यासारखी रेखीव उमटते, पण सिलिया चिकटून त्यांचे गुच्छ होतात. पॅराफॉर्मल्डिहाइड वापरलं तर सिलिया सुरेख, जाळी मात्र तुटक. पडद्याचा विद्युतरोध उत्तम आहे, म्हणजे पेशींमधल्या फटी बंद आहेत, तेव्हा जोड खरंच तुटलेत असं मला वाटत नाही. दोष रंगवण्यातच असावा.

आधी थोडा वेळ पॅराफॉर्मल्डिहाइड आणि मग मिथेनॉल, असं कुणी केलंय का? किती मिनिटं? की वरचा श्लेष्मा रंगवायच्या अँटिबॉडीला (ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूला) अडवतोय? मी कोमट बफरने दोनदा धुते, जास्त धुवायला भीती वाटते.

तीनच पडदे शिल्लक आहेत. पुन्हा वाढवायचे म्हणजे महिनाभर गेला, म्हणून आधी विचारतेय.