वाचताना सगळं येतं, वही मिटली की पाटी कोरी. उजळणी कशी करता?

नमस्कार मंडळी,

नोकरी सांभाळून राज्यसेवेची तयारी करतेय. सकाळी साडेपाच ते साडेसात, एवढाच वेळ हाताशी. राज्यघटना आणि इतिहास एकदा वाचून झालाय, नोट्सही काढल्यात. घोडं अडलंय उजळणीत.

दर रविवारी नोट्स पुन्हा वाचते. वाचताना मान डोलते, 'हे तर येतं की!' परवा सराव परीक्षेत राज्य निवडणूक आयोगाचं कलम विचारलं, मी बेधडक ३२४ ठोकलं. ते लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका घेणाऱ्या आयोगाचं, पंचायतींसाठी २४३-के. घरी येऊन वही उघडली तर ती ओळ पिवळ्या रंगाने रंगवलेली, शेजारी माझ्याच हातच्या तीन चांदण्या! वित्त आयोगाचीही तीच गत, २८० की २४३-आय? वृत्तपत्रांत 'दर्पण' १८३२ पक्कं, पुढे 'प्रभाकर', 'दीनबंधू', 'सुधारक' यांची खिचडी.

मग मोबाइलवर अंकी हे उजळणीच्या कार्डांचं ॲप घेतलं. जे येत नाही ते कार्ड लवकर परत येतं, जे येतं ते लांबतं. पण हौसेने रोज पन्नास नवी कार्डं टाकली, मार्च एंडिंगला आठवडाभर उघडलं नाही, आणि पाहते तर सहाशेवर कार्डं साचलेली. रागाने ॲपच उडवलं.

दोन तासांत जुनं किती, नवं किती? आणि सारखी वाटणारी कलमं एकत्र करावीत की वेगवेगळ्या दिवशी? १-७-२१ दिवसांनी उजळणी करायचं वेळापत्रक कृपया नको, ते भिंतीवर चिकटवून झालंय. नोकरी करून ज्यांनी निभावलं त्यांनी सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी तो पिवळा पेन कुणाला तरी देऊन टाका. वही न उघडता कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा, मग वही काढून चुकलेलं लाल पेनाने. दुसऱ्या दिवशी फक्त लाल. मी पहिला अर्धा तास यालाच द्यायचो, नवीन त्यानंतर. आणि रविवारची वाट बघू नका. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच मोजलं होतं, सगळ्यात जास्त गळती सुरुवातीलाच होते.

कलमं समोरासमोर ठेवूनच करा, पण आकडा घोकू नका. २४३ च्या मागे अक्षर का? कारण पंचायतींचा भाग ९ हा ७३ व्या घटनादुरुस्तीने मध्येच घुसवलाय. त्यामुळे राज्य वित्त आयोग आणि राज्य निवडणूक आयोग एकाच घरात सापडतात. आता चुकवून दाखवा!

अंकीचं खातं काढून सिंक केलं होतंत का? असेल तर कार्डं तिथे शाबूत असतील. नवी मात्र रोज दहाच.

धागाकर्ती

केलं होतं सिंक! आत्ताच परत घेतलं, ६४३ आहेत. उद्या पहाटे आधी कोरा कागद, मग यांच्याकडे बघते.