व्याख्यान आणि सहल यांची सांगड

मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात व्याख्यानांना उपस्थिती कमी असते, म्हणून ती वगळून केवळ सहली ठेवाव्यात, ही एका सभासदाची सूचना मला पटत नाही. व्याख्यान आणि सहल यांचे विषय वेगवेगळे राहतात, हे खरे दुखणे आहे.

कोल्हापुरातील ब्रह्मपुरीचेच पाहा. पंचगंगेकाठच्या या टेकाडावर १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले आणि सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उजेडात आले. आज तेथे नुसते उभे राहून यातले काहीच दिसत नाही. परंतु आदल्या आठवड्यात त्यावर व्याख्यान झाले आणि सहलीच्या दिवशी सकाळी टेकाड पाहून सभासद टाऊन हॉल संग्रहालयात गेले, तर तेथील, ब्रह्मपुरीतच सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती पाहताना कोल्हापूरचा दूरदेशीच्या व्यापाराशी असलेला संबंध त्यांच्या ध्यानात येईल. आपल्या शहराची ही ओळख येथल्याच कितीतरी लोकांना नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

कृष्णाकाठच्या खिद्रापूर येथील कोपेश्वर मंदिरालाही हेच लागू आहे. शिलाहार राजघराण्याची आणि यादव राजा सिंघणाची माहिती आधी मिळाली, तर स्वर्गमंडप, म्हणजे मध्यभागी छत खुले असलेला मंडप, पाहून झाल्यावर लोक तेथील सिंघणाच्या शिलालेखापाशीही थांबतील. मात्र कृष्णेच्या पुराचा विचार करता ही सहल दिवाळीनंतरच ठेवावी आणि पावसाळ्याचे महिने व्याख्यानांना द्यावेत.