जुन्या मोबाइल-स्कूटरच्या बॅटऱ्यांचं काय करायचं?

ए-१०१ (सेक्रेटरी): सुक्या कचऱ्याच्या पिंपात आज मावशींना फुगलेली पॉवर बँक सापडली. कोणाची ते विचारत नाही, पण कृपया असं पुन्हा टाकू नका.

बी-३०४: मग टाकायची कुठे? माझ्याकडे लॅपटॉपची जुनी बॅटरी पडून आहे. भंगारवाला घेतो, थोडे पैसेही देतो.

सी-२०२: ताई, कृपा करून भंगारात देऊ नका. मी धातुशास्त्रातला माणूस आहे, म्हणून जरा लांबण लावतो. 'संपलेल्या' लिथियम बॅटरीतही चार्ज शिल्लक असतो. घंटागाडीत ती दाबली किंवा चेपली गेली की आतल्या आत शॉर्ट होते आणि पेट घेते. आतल्या द्रावणातल्या क्षाराला पाणी लागलं तर हायड्रोफ्लोरिक आम्लाचा विषारी वायू सुटतो. हा धोका कचरा वेचणाऱ्यांच्या वाट्याला येतो, आपल्या नाही.

आणि नुकसान किती! मोबाइलच्या बॅटरीत बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइड असतं, त्याच्या वजनात जवळजवळ ६० टक्के कोबाल्ट. जगातला बहुतांश कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येतो, आपण तो आयात करतो. रिसायकलिंग कारखान्यात आधी उरलेला चार्ज काढतात, मग बॅटरी बारीक करून तांबं-ॲल्युमिनियम वेगळं काढतात. उरते ती काळी पूड, धंद्यात तिला 'ब्लॅक मास' म्हणतात. ती सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवून कोबाल्ट, निकेल, मँगनीज, लिथियम एकेक करून वेगळे करतात. हे धातू पुन्हा नव्या बॅटरीत जातात. उघड्यावर बॅटरी फोडणाऱ्याला यातलं तांबं-ॲल्युमिनियम तेवढं मिळतं, बाकी सगळं मातीत.

डी-५०१: काका, माझ्या स्कूटरची बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे. त्यात कोबाल्टही नाही, निकेलही नाही. ती कोण घेणार?

सी-२०२: खरी अडचण तीच आहे, बाळा. एलएफपीत लोह आणि फॉस्फेट, विकण्याजोगं म्हणजे मुख्यतः लिथियम आणि तांबं. लिथियमचे भाव पडले की नुसत्या बाजारावर सोडून हे काम होत नाही. म्हणून तर २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जबाबदारी उत्पादकावर टाकली. जुनी बॅटरी परत गोळा करून रिसायकल करवून घेणं हे कंपनीचं काम. मोबाइल आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांतून २०२६-२७ पर्यंत ९० टक्के माल परत मिळवण्याचं लक्ष्य रिसायकलरांना दिलंय. पण कारखान्यापर्यंत बॅटरी पोहोचलीच नाही तर कागदावरचे ९० टक्के काय कामाचे? ती वेगळी ठेवून देणं नियमाने ग्राहकाचं काम आहे. आपला वाटा तेवढाच, पण तो टाळू नका.

बी-३०४: पटलं काका. मग घरात ठेवायची कशी?

सी-२०२: टोकांना चिकटपट्टी लावायची. फुगलेली असेल तर टोचायची नाही, उघडायची नाही, चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही. घराबाहेर कोरड्या वाळूत ठेवायची.

ए-१०१ (सेक्रेटरी): गेटजवळ झाकणाचा पत्र्याचा डबा आणि वाळू ठेवतो. मीटर रूमपासून लांब. बॅटरी फक्त त्यातच टाका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेला रिसायकलर शोधून बोलावतो.

डी-५०१: स्कूटरची बॅटरी डब्यात मावणार नाही. शोरूमवाले परत घेतात का, उद्या विचारून इथे कळवतो.