मदत हवी आहे: न्यू डीलच्या कापूस करारात वाटेकऱ्याचा हिस्सा कसा ठरायचा?

न्यू डील म्हणजे १९३० च्या दशकातल्या मंदीवर अमेरिकी सरकारने आखलेल्या योजना; त्यातला शेती समायोजन कायदा १२ मे १९३३ चा. उत्पादन घटवून भाव सावरावेत म्हणून त्या हंगामात सुमारे १ कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकला. भरपाई आली ती शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्यांवरच्या करातून. खरी गोम पुढे आहे. सरकारचा करार जमीनमालकाशी, धनादेशही बहुधा त्याच्याच हाती. मग वाटेकऱ्याचे पैसे जुन्या उधारीत वळते व्हायचे, आणि पेरा घटला की कुटुंबंच्या कुटुंबं जमिनीवरून हाकलली जायची. हा दोष मला योजनेच्या मुळातलाच वाटतो. जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कर घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर मृदसंधारणाच्या नावाने सरकारी तिजोरीतून पैसे दिले गेले.

या नव्या पद्धतीत वाटेकऱ्याला स्वतंत्र धनादेश मिळायचा का? १९३४-३५ च्या करारातली वाटणीची कलमं कुणी वाचली असतील, तर कृपया नेमका हिशेब सांगा.