व्हायवाची तयारी तुम्ही कशी केलीत? अनुभव सांगा

थिसिस सबमिट झाला की सगळे म्हणतात चला सुटलीस, पण पुढे व्हायवाची, म्हणजे थिसिसवरच्या तोंडी परीक्षेची, तारीख येईपर्यंत नेमकं करायचं काय हे कुणी नीट सांगत नाही. गाइडना विचारलं तर "स्वतःचा थिसिस वाच" एवढंच. माझी तारीख आता आलीये. ज्यांचा झालाय, पीएचडीचा असो, एमफिलचा असो की मास्टर्सच्या डिझर्टेशनचा, त्यांनी प्लीज लिहा. काय विचारलं, कशाचा उपयोग झाला, कशात उगाच वेळ गेला. बारीकसारीक गोष्टी जास्त हव्यात.

०००

माझं मटेरियल सायन्स. एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) सरांनी माझ्या थिसिसच्या कॉपीला भरपूर रंगीत टॅग लावून आणले होते, त्यातला एक उघडला, ग्राफमधल्या एरर बारवर पेन ठेवलं आणि विचारलं, "ही रेघ कशाची?" म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन (रीडिंग्ज किती विखुरलेली) की स्टँडर्ड एरर (त्यांची सरासरी किती पक्की), आणि रीडिंग्ज किती. हा प्रश्न साधा वाटतो पण बघा, डेव्हिएशन ६ असेल आणि रीडिंग्ज ९ असतील तर स्टँडर्ड एरर २ येतो, मापं तीच पण रेघ एक तृतीयांश झाली आणि ग्राफ एकदम देखणा. मग एक्सआरडीवर आले, म्हणजे एक्स-रे टाकून स्फटिकाची रचना बघतात ते. पीकच्या रुंदीवरून साइज काढायच्या शेररच्या सूत्रातला ०.९ कुठून आला (क्रिस्टलाइटच्या, म्हणजे सलग स्फटिकाच्या बारीक तुकड्याच्या, शेपवर आणि पीकची रुंदी कशी मोजता त्यावर तो ठरतो) आणि त्या सूत्राने मिळतो तो साइज क्रिस्टलाइटचा की पार्टिकलचा. क्रिस्टलाइटचा! एका पार्टिकलमध्ये अनेक क्रिस्टलाइट असू शकतात, त्यामुळे टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) आकडा मोठा आला तर दोन्ही मापं एकमेकांच्या विरोधात जातातच असं नाही, हे सांगता आलं आणि सर खुलले.

मी तयारी अशी केली होती की प्रत्येक आकृतीखालची कॅप्शन हाताने झाकायची आणि मोठ्याने बोलायचं, अक्षांवर काय, युनिट काय, एरर कशाचा, आणि माझं म्हणणं चुकीचं असतं तर हाच ग्राफ कसा दिसला असता. मनात बोलू नका, मोठ्याने बोला. मनात सगळंच बरोबर वाटतं.

०००

मोठ्याने बोलायचं त्याला शंभर टक्के अनुमोदन. माझं काम समाजशास्त्रातलं, मुलाखतींवर. तिथे ग्राफ नाहीत पण "का" खूप येतात. सर्व्हे का नाही केला, एवढ्याच मुलाखती का, हीच माणसं का, सॅच्युरेशन आलं (आता नवीन काही मिळत नाही) असं लिहिलंय ते कशावरून ठरवलंत? यावर मी कोडिंगचा, म्हणजे मुलाखतीतल्या मुद्द्यांना नावं दिल्याचा, तक्ताच उघडून दाखवला, शेवटच्या मुलाखतींमध्ये नवा कोड कसा येईनासा झाला ते. आणि एक प्रश्न अजून डोक्यात आहे, "तुमच्या जागी दुसरं कुणी विचारायला गेलं असतं तर हे लोक हेच बोलले असते का?" यावर पाठ केलेलं उत्तर चालतच नाही.

मी एक वही केली होती, चार रकाने. काय ठरवलं, दुसरं काय करता आलं असतं, ते का नाही केलं, आणि माझ्या निवडीमुळे काय हातचं गेलं. चौथा रकाना लिहायला जीवावर येतं पण व्हायवात मला सगळ्यात जास्त तोच कामी आला.

०००

ऑनलाइन व्हायवा असेल त्यांच्यासाठी. पीडीएफचा पान नंबर आणि छापलेला पान नंबर वेगळा असतो, कारण सुरुवातीची पानं रोमन आकड्यांत जातात. परीक्षक म्हणतात "पान ८३" आणि तुम्ही स्क्रीनवर वेगळंच पान उघडून शोधत बसता. आधी फरक मोजून ठेवा (माझ्यात १४चा होता, म्हणजे ८३ म्हणजे पीडीएफचं ९७) आणि एक छापील कॉपी हाताशी ठेवाच.

०००

प्रत्येक ठिकाणी पद्धत वेगळी असते ते आधी विचारून घ्या, नाहीतर दुसऱ्याचे अनुभव वाचून भलतीच तयारी होते. ब्रिटनमध्ये बहुतेक वेळा बंद खोलीत, एक इंटर्नल, एक एक्स्टर्नल, आणि निकाल खरोखर त्या खोलीत ठरतो. मी नेदरलँड्समध्ये केलं, तिथे हॉल भरलेला, घरचे लोक समोर, पण थिसिस कमिटीने आधीच मान्य केलेला असतो. साधारण पाऊण तास प्रश्न चालतात आणि मग विद्यापीठाचे पदाधिकारी मानाची काठी घेऊन आत येतात आणि लॅटिनमध्ये "होरा एस्ट" म्हणतात, वेळ झाली. तुम्ही वाक्याच्या मध्ये असलात तरी. त्यामुळे तिथे उत्तर थोडक्यात कसं द्यायचं याचीच प्रॅक्टिस लागते. भारतात यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे थिसिस किमान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात, त्यातले किमान एक आणि गाइड मिळून व्हायवा घेतात, आणि विभागातले शिक्षक, रिसर्च स्कॉलर, विद्यार्थी येऊन बसू शकतात. म्हणजे ज्युनियर मंडळी पण समोर असतात. त्यांच्यासमोर आधीच एकदा प्रेझेंटेशन देऊन बघा.

०००

मी अडखळत बोलते, लहानपणापासून. व्हायवाची भीती विषयाची नव्हतीच, बोलण्याची होती. मी गाइडमार्फत चेअरपर्सनना आधी लेखी कळवलं की मला शब्द काढायला वेळ लागतो, मध्ये वाक्य पूर्ण करून देऊ नका, आणि मध्ये एक ब्रेक हवा. त्यांनी सुरुवातीलाच सगळ्यांना शांतपणे सांगितलं आणि पुढे कुणी घाई केली नाही. एका शब्दावर मी बराच वेळ अडकले होते तेव्हा एक्स्टर्नल मॅडम पेन खाली ठेवून नुसत्या थांबल्या. ते मला फार मोलाचं वाटतं. ज्यांना असं काही आहे, बोलणं, ऐकणं, पॅनिक, काहीही, त्यांनी आधी सांगा, सवलत मागायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

आणि अडखळत नसलात तरी, प्रश्न आला की लगेच तोंड उघडू नका. प्रश्न लिहून घ्या. "मला प्रश्न असा कळला, बरोबर ना?" असं विचारलेलं कुणालाही खटकत नाही.

०००

मी आता टेबलाच्या पलीकडे बसतो म्हणून लिहितो. काम विद्यार्थ्याने स्वतः केलंय ना, आणि त्याची हद्द त्याला कळते ना, आम्ही मुख्यतः हे दोन बघतो. सुरुवातीचे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात, विषय कसा निवडलात, यात नवीन काय, थोडक्यात सांगा. हे मुद्दाम सोपे ठेवतो, समोरच्याचा घसा मोकळा व्हावा म्हणून. नंतरचे अवघड प्रश्न म्हणजे राग नसतो, बऱ्याचदा काम आवडलेलं असतं म्हणून खोलात जातो. "या डेटावरून हे सांगता येणार नाही, ते सांगायचं तर अमुक करावं लागेल" हे अतिशय चांगलं उत्तर आहे. गोल गोल बोलणं मात्र लगेच कळतं. परीक्षकांचे पेपर वाचून या, पण उगाच त्यांची स्तुती नको, तुमचं काम त्यांच्या कामाशी कुठे जुळतं आणि कुठे वेगळं जातं तेवढं माहीत असू द्या. सबमिट केल्यानंतर तुमच्या विषयात नवीन काय छापून आलं तेही एकदा शोधा, मी हे हमखास विचारतो.

०००

शेवटी करेक्शन्सबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. सुधारणा निघणं अगदी नेहमीचं आहे, त्याचा अर्थ नापास नाही. थिसिस परत वाचताना सापडलेल्या टायपिंगच्या चुकांची यादी मी स्वतःच करून नेली होती आणि सुरुवातीलाच दिली, त्यामुळे त्यात वेळ गेला नाही. व्हायवात एक मित्र मागे बसून प्रश्न लिहून घेत होता (आधी परवानगी घेतली), कारण आपल्याला बाहेर आल्यावर काहीही आठवत नाही. बदलांची यादी लेखीच घ्या, आणि दुरुस्त कॉपीसोबत एक तक्ता द्या, परीक्षकांचं म्हणणं, काय बदललं, नवीन पान नंबर. जे बदललं नाही तेही त्यात लिहा, कारणासकट. माझा तक्ता बघून दुसऱ्याच दिवशी सही मिळाली.