एमएस्सी फिजिक्स: पुणे विद्यापीठ की शिवाजी विद्यापीठ? होस्टेल, मेस, खर्च सगळंच सांगा

सांगोल्याची_पोरगी

नमस्कार मंडळी, मी बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज सोलापूर विद्यापीठाचं. एमएस्सी फिजिक्सच करायचं हे नक्की, पण कुठे करायचं यावर घरात महिनाभर चर्चाच चालूय. मला पुणे विद्यापीठाच्या कॅम्पसवरचं डिपार्टमेंट पाहिजे कारण शेजारी आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि मला खगोलशास्त्राची खूप आवड आहे. बाबांचं म्हणणं कोल्हापूरला जा, शिवाजी विद्यापीठ, कारण राजारामपुरीत मावशी राहते, राहण्याखाण्याचा प्रश्न मिटला, आणि आपल्याकडून गाडी पण सरळ आहे. आमची डाळिंबाची बाग आहे, गेल्या हंगामात तेल्या रोगाने निम्मा माल गेला, त्यामुळे पैशाचं टेन्शन खरंच आहे, बाबा उगाच अडवत नाहीयेत हे मला कळतं.

घरातनं बाहेर शिकायला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे विचारायला कोणी नाही. वेबसाइट बघितल्या तर सगळीकडे नॅकची ग्रेड, रँकिंग आणि इमारतींचे फोटो, त्यातनं काय समजणार? मला हे कळायला पाहिजे की तिथे दिवस कसा जातो, लॅबमध्ये खरंच हात लावायला मिळतो का, मुलींना रात्री लायब्ररीतनं होस्टेलला यायला कसं वाटतं, महिन्याला साधारण काय काय खर्च येतो. आणि अभ्यास सोडून पण काही करता येतं का? मी कॉलेजात युवा महोत्सवात एकांकिका केलीय, ते एकदम सुटावं असं वाटत नाही. पुढे पीएचडी किंवा प्राध्यापकी, अजून ठरलेलं नाही. प्लीज ज्यांनी स्वतः तिथे काढलंय त्यांनी सांगा.

गणेशखिंडकर

मी पुण्याच्या डिपार्टमेंटलाच एमएस्सी केलं, त्यामुळे माझं झुकतं माप पुण्याला असणार हे आधीच धरून वाच. ४११ एकरांचा कॅम्पस आहे, झाडी भरपूर, मुख्य इमारत म्हणजे पूर्वीचं गव्हर्नरचं निवासस्थान, पण तू फोटोंवर जाऊ नकोस हे बरोबरच आहे. तिथली खरी मजा म्हणजे आजूबाजूला काय काय आहे ते. आयुका चालत जाण्याच्या अंतरावर, रेडिओ खगोलशास्त्राची एनसीआरए त्याला लागूनच, पेशींवर संशोधन करणारी एनसीसीएस पण आवारातच, आणि पाषाण रोडला रसायनशास्त्राची एनसीएल. आयुकाच्या मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन असे चौघांचे पुतळे आहेत, लेक्चर संपल्यावर आम्ही तिथे पायऱ्यांवर बसून तासन्‌तास वाद घालायचो, आणि चंद्रशेखर सभागृहात एखादं व्याख्यान असलं की जाऊन बसायचो. पहिल्या वर्षी त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं तरी चालतं ग, दुसऱ्या वर्षी आपोआप कळायला लागतं की या विषयात लोक सध्या कशावर भांडतायत. हे पुस्तकातनं मिळत नाही.

डिपार्टमेंटमध्ये मायक्रोट्रॉन आहे म्हणजे इलेक्ट्रॉनला वेग देणारं यंत्र, त्यावर काम केलेले सिनियर भेटतील. खगोलभौतिकीचा ऐच्छिक विषय यंदा प्रत्यक्ष चालू आहे का हे मात्र ऑफिसात जाऊन विचार, कारण माहितीपत्रकात छापलेला प्रत्येक विषय दरवर्षी चालतोच असं कुठल्याच विद्यापीठात नसतं.

आता दिवस. सकाळी थिअरी, दुपारी प्रॅक्टिकल, मधे अनिकेत कँटीनला चहा, संध्याकाळी जयकर लायब्ररी. जेवण रिफेक्टरीत, चव बेताची पण स्वस्त आणि पोटभर. जयकरच्या अभ्यासिकेत एमपीएससी-यूपीएससीवाल्यांची गर्दी असते, परीक्षेच्या दिवसात जागा धरायला सकाळी लवकर जावं लागतं. नाटकाचं म्हणशील तर ललित कला केंद्र कॅम्पसवरच आहे, त्यांच्या अंगणमंचावर विद्यार्थ्यांचे प्रयोग होतात, आम्ही फिजिक्सवाले पण बघायला असायचोच. शिवाय एफसी रोडला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी भाषांचे कोर्स आहेत, पीएचडीला जर्मनीचा विचार असेल तर तिथे जर्मन सुरू करता येतं.

अवघड बाजू होस्टेलची. मेरिटवर आणि आरक्षणाप्रमाणे मिळतं, सगळ्यांना मिळत नाही, आणि यादी अ‍ॅडमिशननंतर बऱ्याच दिवसांनी लागते. तोपर्यंत कुठे राहायचं याची सोय आधी करून ये. बाहेर औंध-बाणेर बाजूला कॉट बेसिसवर राहिलीस तर डिपॉझिट, भाडं, डबा मिळून कोल्हापूरच्या दुपटीच्या आसपास खर्च सहज जातो असं माझ्या बरोबरच्या मुलींचं म्हणणं होतं. मैत्रिणीच्या एका खासगी होस्टेलवाल्याने वर्षअखेरीला डिपॉझिट दिलंच नाही, रंगरंगोटीच्या नावाखाली कापून घेतलं, तेव्हा पैसे देताना पावती घ्यायचीच.

करवीरवासी

गणेशखिंडकरांनी छान लिहिलंय. आता दुसरी बाजू. मी शिवाजी विद्यापीठातनं एमएस्सी आणि पीएचडी, सध्या सांगली जिल्ह्यात कॉलेजवर शिकवतो.

पहिली गोष्ट, पोरी, हे विद्यापीठ तुझ्या जिल्ह्याला परकं नाही. १९६२ ला स्थापन झालं तेव्हापासून २००४ ला सोलापूर विद्यापीठ वेगळं होईपर्यंत तुमच्या भागातली पोरं इथलीच पदवी घेत होती. तुझ्या कॉलेजातल्या सीनियर सरांना विचार, त्यातले कितीतरी इथेच शिकलेले निघतील, माहिती घरबसल्या मिळेल.

दुसरी गोष्ट लॅबची, जी तू विचारलीस आणि जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. इथल्या फिजिक्सचं नाव आहे ते थिन फिल्म (पदार्थाचे अतिपातळ थर) आणि मटेरियल्समध्ये, सोलर सेल, सुपरकपॅसिटर, गॅस सेन्सर वगैरे. एमएस्सीच्या प्रोजेक्टला आम्ही काचपट्ट्या स्वतः घासून धुवायचो, बीकरमध्ये द्रावण करून त्यात बुडवून ठेवायचो, पट्टीवर थर चढला की भट्टीत तापवायचा आणि मग एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरणांनी त्याची रचना तपासायला, द्यायचा. आलेख हातात आला आणि त्यातलं टोक (पीक) नको तिथे आलं की परत पहिल्यापासून. असं तीनचार वेळा झालं की माणूस संशोधन म्हणजे काय ते शिकतो. मोठी उपकरणं कॅम्पसवरच्या सामाईक केंद्रात आहेत, नमुना घेऊन गावोगाव फिरावं लागत नाही. पण तुला खगोलच करायचं असेल तर खरं सांगतो, पुण्याचा शेजार इथे नाही. पन्हाळ्यावर विद्यापीठाचं अवकाश संशोधनाचं केंद्र आहे, तरी मुख्य बळ मटेरियल्सचंच.

आणि तिसरी गोष्ट जी पुण्याबद्दल सगळे विसरतात. आयुकाचा उन्हाळी प्रोजेक्ट कार्यक्रम, व्हीएसपी, आणि टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेचा तसाच व्हीएसआरपी, ज्यातली काही मुलं एनसीआरएला जातात, हे दोन्ही देशभरातल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आसपास सगळ्यांना बघायला उघडी असते. म्हणजे कोल्हापुरात राहून पण त्या दारातनं आत जाता येतं, फक्त अर्ज स्वतः शोधून वेळेत भरावा लागतो, शेजारी असल्यावर ते कानावर आपोआप पडतं एवढाच फरक.

राहण्याचं म्हणशील तर ८५३ एकरांचा मोकळा माळ, आवारात तळी, संध्याकाळी पोरं-पोरी घोळक्याने फिरायला निघतात. खर्डेकर ग्रंथालय उत्तम. 'कमवा आणि शिका' इथे जुनी योजना आहे, रोज काही तास काम करून राहण्या-जेवणाचा भार पुष्कळ हलका होतो, आमच्या बॅचचे दोघं त्याच्यावरच शिकले आणि आज चांगल्या जागी आहेत. तशी योजना पुण्यातही आहे, तासावर पैसे मिळतात, दोन्हीकडे चौकशी कर. युवा महोत्सवाची तालीम इथे जोरात असते, तिथनं पुढे राज्यपातळीच्या इंद्रधनुष्य महोत्सवाला संघ जातो, तुझी एकांकिका सुटणार नाही. आणि फुटबॉलचा सीझन आला की शाहू स्टेडियमला पेठांच्या संघांची मॅच एकदा तरी बघच, कोल्हापूर कळायचं असेल तर ते बघितलंच पाहिजे.

निवृत्त_बाई

बाळा, मी हायस्कूलला गणित-विज्ञान शिकवलं, माझ्या दोन्ही लेकी बाहेरगावी शिकल्या म्हणून लिहितेय. कोल्हापूर ठरलं तरी मावशीकडे न राहता होस्टेलला राहा असं माझं स्पष्ट मत. मावशी कितीही प्रेमाची असली तरी नातेवाइकांच्या घरी राहणारी मुलगी सातच्या आत घरी येते, पाहुणे आले की स्वयंपाकघरात जाते, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी घरात बारसं असलं तर तिला नाही म्हणता येत नाही. मोठ्या लेकीचं पहिलं वर्ष असंच गेलं. होस्टेलला खोलीतल्या मुली रात्री एकला एकमेकींना गणितं समजावून सांगतात, आजारपणात भांडी घासतात, फॉर्मच्या तारखा लक्षात आणून देतात. एमएस्सीत निम्मा अभ्यास असाच होतो. मावशीकडे रविवारी जेवायला जा, तिलाही बरं वाटेल.

बाबांना समोर बसवून हिशेब मांड. फी, होस्टेल, मेस, प्रवास, पुस्तकं, दोन्ही गावांचे आकडे कागदावर. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचे अर्ज असतात, शासकीय होस्टेल न मिळाल्यास प्रवर्गाप्रमाणे स्वाधार, आधार किंवा पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यातलं काही लागू होतं का ते बघ. मात्र ते पैसे उशिरा हातात येतात, त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांची तजवीज घरातनंच लागेल असं धरून चला. बागेचं नुकसान झालेलं असताना वडिलांना अंधारात ठेवून काही ठरवू नकोस.

सांगोल्याची_पोरगी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. व्हीएसपीचं तर माहीतच नव्हतं मला. बाई, मावशीबद्दल तुम्ही लिहिलंत ते आईने पण वाचलं आणि ती म्हणाली खरंय. आता एकच प्रश्न, समजा पुढे प्राध्यापकच व्हायचं ठरलं तर पुण्याच्या डिग्रीने फरक पडतो का? काका म्हणतात पुण्याचं नाव असलं की नोकरी लागते.

करवीरवासी

नाही पडत, निदान काका म्हणतात तसा तरी नाही. असिस्टंट प्रोफेसरला एमएस्सी आणि नेट किंवा सेट यापैकी एक पात्रता परीक्षा ही किमान अट, सेट पुणे विद्यापीठच घेतं पण ती राज्यातल्या सगळ्यांना सारखीच. पात्रता मिळाल्यावर पण कायम जागा निघायची वाट बघावी लागते, तोवर बरेचजण तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर काम करतात, त्यात तासाप्रमाणे पैसे, सुट्टीचे नाहीत, आणि दरवर्षी नव्याने नेमणूक. मी स्वतः त्यातनं गेलोय. ज्युनियर कॉलेजला जायचं असेल तर एमएस्सीबरोबर बीएड लागतं. हे आत्ताच माहीत असलेलं बरं. म्हणून म्हणतो, पहिल्या वर्षापासूनच नेट, गेट, जेस्ट या परीक्षा डोक्यात ठेवून शिक, म्हणजे पीएचडीची दारं पण उघडी राहतात.

आणि ठरवायच्या आधी दोन्हीकडे कामाच्या दिवशी जाऊन ये. सुट्टीच्या दिवशी नको, तेव्हा फक्त झाडं दिसतात. दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना गाठ आणि विचार की गेल्या सेमिस्टरला प्रॅक्टिकल खरंच किती झाली, एका सेटअपवर कितीजण असतात, प्रोजेक्टचा गाइड स्वतः निवडता येतो की वाटून देतात. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पहिल्या वर्षातच ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, आहे, तेव्हा मागच्या बॅचची मुलं ओजेटीला कुठे गेली हे जरूर विचार. कुठल्या संस्थेच्या लॅबमध्ये गेली की नुसतं सर्टिफिकेट आणून जोडलं, यावरनं डिपार्टमेंट कसं चालतं ते लगेच कळतं.

गणेशखिंडकर

करवीरवासींशी सहमत, विशेषतः ओजेटीच्या प्रश्नाशी. एक भर घालतो. दोन्हीकडे प्रवेश परीक्षेचे फॉर्म भर, एकावर अवलंबून राहू नकोस. स्वतःच्या विद्यापीठाच्या आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांच्या जागा वेगळ्या धरतात, तू दोन्हीकडे बाहेरची, त्यामुळे कटऑफ बघताना बाहेरच्यांचीच यादी बघ. परीक्षेला बीएस्सीचाच अभ्यासक्रम येतो, मेकॅनिक्स, इलेक्ट्रोमॅग्नेटिझम, थर्मो, ऑप्टिक्स, थोडं क्वांटम, जॅमच्या, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेच्या, जुन्या पेपरांवर हात बसला तर ही परीक्षा सोपी जाते. माझं मत विचारशील तर खगोलाची ओढ एवढी पक्की असेल आणि कॅम्पसचं होस्टेल मिळालं तर पुणे. होस्टेल नाहीच मिळालं तर कर्ज काढून बाहेर राहण्यापेक्षा कोल्हापूरला जा आणि दोन्ही उन्हाळी कार्यक्रमांना अर्ज कर.

निवृत्त_बाई

आणि सोलापूर विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट निकाल लागल्या लागल्या अर्ज करून ठेव ग. टीसी, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर लागू असेल तर तो चालू वर्षाचा, उत्पन्नाचा दाखला, सगळ्याच्या झेरॉक्सचे चार सेट. तहसीलला जून-जुलैत दाखल्यांची झुंबड उडते, बाबांना सांगून मे महिन्यातच ते काम उरकून घे.