नेस्टेड लूप : घरटं, उतरंड की पोट?

प्रश्न (तिवसा तालुक्यातून)

भाची अमरावतीला बीसीए करते. दिवाळीत घरी आली तेव्हा अंगणात कापसाची मोजणी चालली होती आणि ही ओसरीत लॅपटॉप घेऊन बसलेली. मधेच म्हणाली, "मामाजी, नेस्टेड लूपले मराठीत काय म्हनतेत जी?" लूप म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करायला सांगणारी संगणकाची सूचना, आणि तिच्या आत तशीच दुसरी आली की नेस्टेड. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला मी, "थांब, पाहतो" म्हणून वेळ मारून नेली.

तिनं पायथॉन या संगणकाच्या भाषेत विदर्भाची यादी केली होती. यादीत घटक दोनच, अमरावती विभाग आणि नागपूर विभाग. पण तो प्रत्येक घटक पुन्हा एक यादीच. पहिलीत पाच जिल्हे, दुसरीत सहा. सगळं नागरीत लिहितो, म्हणजे वाचता येईल:

विदर्भ = [["अमरावती", "अकोला", "बुलढाणा", "यवतमाळ", "वाशीम"],
["नागपूर", "वर्धा", "भंडारा", "गोंदिया", "चंद्रपूर", "गडचिरोली"]]

फॉर विभाग इन विदर्भ:
    फॉर जिल्हा इन विभाग:
        प्रिंट(जिल्हा)

पायथॉन ३ मध्ये चलांची (व्हेरिएबलची) नावं देवनागरीत चालतात, ती तिनं तशीच ठेवली होती. फॉर, इन, प्रिंट तेवढे रोमनमध्ये. बाहेरचा लूप दोनदाच फिरतो. त्याच्या पहिल्या फेरीत आतला पाच वेळा फिरतो, दुसरीत सहा वेळा, आणि अकरा जिल्हे छापून होतात. गंमत अशी, की 'लेन' लावून विदर्भाची लांबी विचारली तर उत्तर अकरा येत नाही, दोन येतं. आतल्या याद्या उघडायला सांगितल्याशिवाय तो त्या मोजतच नाही.

तर या 'नेस्टेड'ला काय म्हणावं? 'नीडित' असा घडवलेला शब्द वाचनात आला. संस्कृतात नीड म्हणजे घरटं. पण घरटं म्हटलं की मला बाभळीवर लोंबणारा सुगरणीचा खोपाच दिसतो. एकात एक बसणाऱ्या टेबलांना, डब्यांनाही इंग्रजीत तोच शब्द लावतात. मराठी करणाऱ्यानं त्यातला पक्षी तेवढा उचलला.

वरुडहून

गुरुजी, लूपले लूपच म्हना ना जी. ट्रॅक्टरले आपन कधी मराठी शब्द शोधला काय?

आर्णीहून

'उतरंड' कसा वाटतो? आजीच्या घरी कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असे, सगळ्यात मोठं खाली, मग त्याहून लहान, वर अगदी गाडगं. नेस्टेड लूपमध्येही बाहेरचा मोठा, आतला लहान.

प्रश्नकर्ता

वरुडच्या भाऊंचं बरोबर आहे, भाची बोलताना लूपच म्हणणार. मला शब्द हवाय तो समजावून सांगण्यापुरता.

उतरंड गोड शब्द, पण इथं अडतो. उतरंडीत मडकं मडक्यावर असतं, मडक्यात नसतं. खालचं काढायचं तर वरची सगळी आधी उतरवावी लागतात, शेवटी ठेवलेलं पहिल्यांदा निघतं. हे वर्णन ऐकून भाची म्हणाली, "हा तं स्टॅक झाला." तेव्हा उतरंड स्टॅकला देऊन टाकू. आपल्याला पाहिजे ते गंजात गंज. (पुण्याकडच्यांसाठी: आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं, लोखंडावर चढतो तो नव्हे.) भांड्यांच्या दुकानात सात गंज एकात एक घालून ठेवलेले असतात. वरून पाहिलं तर नुसत्या कडा, आणि जागा एकाचीच.

दर्यापूरहून

शब्द तुमच्या घरातच आहे. सातबारा काढा आणि पाहा. पोटहिस्सा, पोटखराबा.

पोटहिस्सा म्हणजे गटाच्या आतला तुकडा. पोटखराबा म्हणजे त्याच गटातली नाल्याखालची, रस्त्याखालची, खडकाची, पेरता न येणारी जमीन. गटाच्या एकूण क्षेत्रात ती धरलेली असते, शेजारी वेगळी नसते. याच घराण्यातले पोटकलम, पोटजात, पोटमाळा, पोटभाडेकरू. प्रत्येकात एक मोठी वस्तू आहे आणि दुसरी तिच्या आत आहे. म्हणून नेस्टेड लिस्टमधली आतली ती पोटयादी, आणि तिच्यावरून फिरणारा तो पोटलूप. लोकांना शिकवावा लागणार नाही.

कोणी 'उपयादी' म्हणेल म्हणून आधीच सांगतो. 'उप'ला आत असण्याची सक्ती नाही. उपसरपंच सरपंचाच्या आत नसतो, उलट पुष्कळदा समोरच्या गटात असतो. पैनगंगा वर्धेची उपनदी आहे, म्हणजे ती आपल्या वाटेनं येऊन वर्धेला मिळते, वर्धेच्या पोटातून वाहत नाही. तुमच्या जिल्ह्यांची यादी विभागाच्या यादीला येऊन मिळालेली नाही, तिच्यात बसलेली आहे. इथं 'पोट'च पाहिजे.

यवतमाळजवळून (गावात राहून प्रोग्रामिंगचं काम करतो)

पोटयादीला माझं मत. लूपसाठीही आपल्याकडे माल पडला आहे. डवऱ्याची (ओळींमधलं तण काढणाऱ्या औताची) एक पाळी झाली म्हणतो, तेव्हा सगळं वावर एकदा डवरून झालं. त्या पाळीत बैलजोडी एकेका तासानं, म्हणजे पिकाच्या ओळीनं जाते, धुऱ्याजवळ (बांधाजवळ) वळते, पुढचा तास धरते. बाहेरचा लूप तासांवरून, आतला तासातल्या झाडांवरून. नवीन पोरांना मी असंच सांगतो आणि लगेच कळतं. लिहिताना मात्र अडचण. 'तास' म्हणजे घड्याळाचाही तास, आणि वर्गात 'पाळी' म्हटलं की मागच्या बाकांवर हसू फुटतं. त्यामुळे लिहिताना 'फेरा' लिहितो. पोटफेरा बरा वाटतो.

आता खोच. मागच्या हंगामात वेचणीचा हिशेब करायला छोटा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक बाईची एक पोटयादी, तिच्यात रोजच्या वेचणीचे किलो. एकजण एकच दिवस आली होती, तर मी कंस न घालता नुसता आकडा टाकला. पोटफेरा तिच्यापाशी आला आणि प्रोग्राम थांबला, कारण आकड्याला पोट नसतं, त्याच्यावरून फिरता येत नाही. हे एक वेळ परवडलं. आकड्याऐवजी नाव असतं तर तो तक्रार न करता त्या नावातच शिरला असता. भाचीला म्हणावं, 'जिल्हा'च्या आत तिसरा फॉर लावून पाहा. 'वर्धा'चे पाच तुकडे पडतील: व, र, हलंताचं चिन्ह, ध आणि सुटा काना. रफार कुठल्या कुठे जातो.

दुसरी गोष्ट, चौफुलीवर, म्हणजे उभ्याआडव्या सरळ ओळींत लावलेला कापूस उभाही डवरता येतो, आडवाही. यादीचं तसं नाही. पोटयाद्या कमीजास्त लांबीच्या असतील आणि तुम्ही आडवे निघालात, आधी सगळ्यांतला पहिला, मग सगळ्यांतला दुसरा असे, तर सहाव्या फेऱ्याला अमरावती विभागात सहावा जिल्हाच सापडत नाही आणि इंडेक्सची, म्हणजे यादीतल्या क्रमांकाची चूक येते.

आणि पोटं किती खोल आहेत तेच माहीत नसेल, तर फेऱ्यात फेरा लिहून भागत नाही. तिथं स्वतःलाच पुन्हा बोलावणारं फंक्शन (नाव दिलेला सूचनांचा संच) लिहावं लागतं. या रिकर्शनला कोणी पुनरावृत्ती म्हणतात, पण तोच शब्द साध्या लूपलाही लावतात. तिथला घोळ माझ्याच्यानं सुटलेला नाही.

प्रश्नकर्ता

तिसरा फॉर लावून पाहिला. पडदाभर सुटे काने, वेलांट्या आणि मात्रा. शुद्धलेखनाच्या वह्या तपासून आयुष्य गेलं, पण असलं काही पाहिलं नव्हतं.

पोटयादी आणि पोटफेरा भाचीला सांगितले. पोटयादी लगेच पटली, पोटफेऱ्यावर तोंडाला पदर लावून हसली. मग मीच सातबारा आणला आणि आमच्या गटाचा नंबर दाखवला, ४५/२/अ. ती पाहतच राहिली. म्हणे, "मामाजी, हे तं इंडेक्सच होय. आधी गट, मंग त्याच्यातला हिस्सा, मंग त्याच्यातला तुकडा. नागपूर काढाले मी असंच लिहितो, आधी विभागाचा आकडा, मंग जिल्ह्याचा."

म्हटलं, हो का! मग नागपूरचा नंबर २/१ असेल.

"नाही जी, १/०. पायथॉन शून्यापासून मोजते."

तलाठ्याला हे कोण सांगणार?